चार चित्रे, अठरा कडवी : मानेच्या ‘कावळ्या’चे प्रकरण

१८७५ सालच्या जून महिन्याच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये एक अवाढव्य पुस्तक विक्रीस आले. उंची सुमारे ५४ सेंटीमीटर, रुंदी सुमारे ३५. आत सुटी पाने, एका बाजूला इंग्रजी कविता आणि तिच्यासमोर फ्रेंच गद्य भाषांतर, मध्ये काळ्याभोर शाईतली पानभर चित्रे. कविता अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो यांची ‘द रेव्हन’, भाषांतर फ्रेंच कवी स्तेफान मालार्मे यांचे आणि चित्रे एदुआर माने यांची. (माने हे आडनाव मराठी वाचकाला घरचे वाटेल, हे माने मात्र पॅरिसचे.) आवृत्ती २४० प्रतींची जाहीर झाली होती आणि प्रतींवर भाषांतरकार व चित्रकार या दोघांच्या सह्या होत्या. पुस्तक विकले गेले नाही. आज चित्रकाराने सजवलेल्या आधुनिक पुस्तकाचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात बहुधा याच पुस्तकापासून होते.

एकाच वस्तूच्या वाट्याला हे दोन निकाल कसे आले, हे कोणता निर्णय कोठे आणि का घेतला गेला त्या क्रमाने तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मुख्य माणसे इतिहासात नोंद झालेली असल्याने त्यांची नावे दिली आहेत. छापखान्यातल्या आणि दुकानातल्या माणसांचा उल्लेख त्यांच्या कामापुरताच आहे.

पार्श्वभूमी

पो यांची कविता २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात छापली गेली. अठरा कडवी, प्रत्येकी सहा ओळी, एकूण १०८ ओळी. डिसेंबरातली मध्यरात्र आहे, लिनोर ही प्रिया गेल्याचे दुःख विसरण्यासाठी एक तरुण जुने ग्रंथ चाळत बसला आहे, दारावर टकटक होते, दार उघडले तर बाहेर नुसता अंधार. मग खिडकी उघडताच एक काळा पक्षी ऐटीत आत येतो आणि दारावरच्या पॅलसच्या, म्हणजे ग्रीकांच्या विद्यादेवीच्या, अर्धपुतळ्यावर जाऊन बसतो. तरुण त्याला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि पक्षी प्रत्येक वेळी एकच शब्द उच्चारतो : ‘पुन्हा कधीच नाही’ या अर्थाचा. कविता संपते तेव्हा पक्षी जागचा हललेला नसतो, आणि दिव्याच्या उजेडात जमिनीवर पडलेल्या त्याच्या सावलीतून तरुणाचा जीव वर उठत नाही. गॉथिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साहित्याचे सगळे सामान इथे आहे, पण ते एकाच खोलीत कोंबलेले. वाडा नाही, तळघर नाही, रक्त नाही.

या पक्ष्याला मराठीत डोमकावळा म्हणावे लागते, आणि तिथेच आपल्याकडे अर्थ थोडा सरकतो. ज्या समाजात पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसे उन्हात ताटकळत उभी राहतात, त्या समाजाला दारावर बसलेल्या कावळ्याकडे गेलेल्या माणसाची खबर मागणे विचित्र वाटत नाही. उलट, उत्तर न देणारा कावळा कसा छळतो हे आपल्याला चांगले ठाऊक असते.

पुढच्या साली, १८४६ मध्ये, पो यांनी ही कविता कशी रचली याचा निबंध लिहिला. त्यातला एक तपशील या प्रकरणात कळीचा आहे. पक्षी अर्धपुतळ्यावरच का बसवला, याचे कारण त्यांनी दिले ते असे की संगमरवर आणि काळी पिसे यांचा विरोध साधायचा होता. काळे-पांढरे चित्र कवीने स्वतःच कवितेत मांडून ठेवले होते.

फ्रान्समध्ये पो यांना घरोघरी नेले कवी बोदलेर यांनी. या कवितेचेही गद्य भाषांतर त्यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध केले होते. बोदलेर हे माने यांचे मित्र; १८६७ मध्ये ते वारले. त्यानंतर पो यांच्या कवितांकडे नेटाने वळलेला माणूस म्हणजे मालार्मे. पो अधिक नीट वाचता यावेत म्हणून आपण इंग्रजी शिकलो, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १८६२-६३ मध्ये ते त्यासाठी लंडनला राहिले आणि पोटासाठी आयुष्यभर इंग्रजी शिकवत राहिले. १८७३ मध्ये त्यांची आणि माने यांची ओळख झाली. शाळा सुटली की घरी जाण्याआधी रू द सॅं-पेतेर्सबुर्ग या रस्त्यावरच्या माने यांच्या स्टुडिओत डोकावायचे, हा मालार्मे यांचा शिरस्ता झाला. १८७४ मध्ये सरकारी प्रदर्शनाच्या, म्हणजे सालोंच्या, परीक्षकांनी माने यांची चित्रे नाकारली तेव्हा त्यांची बाजू मांडणारा लेख मालार्मे यांनीच लिहिला. तेव्हा मालार्मे यांचे वय ३२ होते आणि माने यांचे ४२. एकाचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते, आणि दुसऱ्याचे माहीत होते ते बहुतांशी टिंगलीपुरते.

तिसरा माणूस प्रकाशक रिशार लेस्क्लीद. धातूवर कोरलेल्या चित्रांचे एक नियतकालिक ते चालवत असत, आणि १८७४ मध्ये शार्ल क्रो यांची ‘नदी’ ही दीर्घ कविता माने यांच्या आठ कोरीव चित्रांसह त्यांनी अवघ्या १०० प्रतींत काढली होती. छोट्या आवृत्तीचे महागडे पुस्तक कसे काढतात हे त्यांना माहीत होते, चित्रकाराशी जमत होते आणि धाडसाची तयारी होती. पुढच्या सगळ्या निर्णयांचा खर्च त्यांच्याच खिशातून जाणार होता, हे या कथेत वारंवार विसरले जाते.

अडचण

पहिली अडचण कवितेतच होती. या कवितेत घडत काहीच नाही. पक्षी येतो, बसतो, एक शब्द बोलतो; बाकी सारे तरुणाच्या मनात आणि कवितेच्या नादात. पानामागून पान चित्रे काढायची तर चित्रकाराने तीच खोली पुन्हा पुन्हा काढायची, की कवितेत नुसत्या सूचित झालेल्या गोष्टी, म्हणजे लिनोर, देवदूत, परलोक, प्रत्यक्ष दाखवायच्या? दुसऱ्या मार्गाचे आकर्षण मोठे होते. चौदाव्या कडव्यात हवा दाट होते, न दिसणारे धुपाटणे हलवत देवदूत चालत गेल्याचा भास होतो. सरधोपट चित्रकाराला एवढे पुरे.

दुसरी अडचण भाषेची. मूळ कवितेचा जीव तिच्या ठेक्यात आणि पोटयमकांत आहे, आणि फ्रेंच पद्याला तो ठेका पेलत नाही. बोदलेर यांनी गद्य पत्करले होते. त्याच कवितेचे पुन्हा गद्यच करायचे असेल तर नवे काय, हा प्रश्न वाचक विचारणारच.

तिसरी अडचण गिऱ्हाईकाची, आणि माझ्या मते सर्वांत जड तीच होती. हे पुस्तक घेणार कोण? इंग्रजी न येणाऱ्या फ्रेंच वाचकाला त्याचा अर्धा भाग निरुपयोगी होता आणि फ्रेंच न येणाऱ्या इंग्रज वाचकाला उरलेला अर्धा. चित्रांचा संग्राहक चित्रांसाठी पैसे देईल, पण त्याला माने पसंत असायला हवेत. या प्रश्नाचे उत्तर तिघांपैकी कोणी आधी पक्के केल्याचे पुस्तकाच्या घडणीवरून तरी दिसत नाही.

पर्याय

चित्रे छापण्याचे चार मार्ग समोर होते, आणि त्यांतला कोणता घेतला यावर पुढचे सगळे ठरले.

तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरणे हा लेस्क्लीद यांचा सरावाचा मार्ग. संग्राहकांना तो मान्य होता आणि वर्षभरापूर्वी ‘नदी’साठी लेस्क्लीद आणि माने यांनी तोच वापरला होता. पण या तंत्राचा मूळ स्वभाव बारीक रेषेचा. दोन हात लांबूनही काळा दिसेल असा काळा डाग मिळवायचा तर पत्र्यावर जास्तीचे संस्कार करावे लागतात आणि मोठ्या आकारात ते काम किचकट होते.

लाकडी ठशाचा दुसरा मार्ग सर्वांत सोपा आणि स्वस्त, कारण ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येतो. इंग्लंडमध्ये जॉन टेनियल यांनी १८५८ मध्ये याच कवितेसाठी केलेली चित्रे त्याच प्रकारची होती. अडचण ही की चित्रकार काढतो आणि कारागीर कोरतो. माने यांच्या फटकाऱ्याचा तेवढ्यात सभ्य, एकसारखा रेषापाट होऊन जातो.

तिसरा मार्ग म्हणजे दगडावर तेलकट खडूने थेट काढणे, अर्थात शिळाछाप. ही विद्या अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यांनी शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खूण केली, दगड ओला केला आणि शाईचा रूळ फिरवला की शाई खुणेला चिकटते, ओल्या भागाला चिकटत नाही. सगळे तंत्र तेल आणि पाण्याच्या या वैरावर उभे आहे. फ्रान्समध्ये या मार्गाला मोठा पूर्वज होता. चित्रकार दलाक्रवा यांनी १८२८ मध्ये जर्मन कवी गटे यांच्या ‘फाउस्ट’ या नाटकासाठी सतरा शिळाछाप चित्रे केली होती. वृद्ध गटे त्यांवर खूश झाले आणि पॅरिसने नाके मुरडली. त्या चित्रांमुळे आपण कुरूपतेच्या संप्रदायाचे म्होरके ठरलो, असे दलाक्रवा यांनी नंतर नमूद केले आहे. हा इतिहास मालार्मे आणि माने यांना अपरिचित असणे अवघड आहे.

माने यांचा स्वतःचा अनुभवही दगडाच्या बाबतीत संमिश्र होता. १८६० च्या दशकापासून ते अधूनमधून दगडावर काम करत होते. १८६८ मध्ये मांजरांवरच्या एका पुस्तकासाठी त्यांनी केलेली छपरावरच्या काळ्या-पांढऱ्या मांजरांची जाहिरात चांगलीच गाजली. मात्र मेक्सिकोचा सम्राट माक्सिमिलियन याच्या देहदंडाचे शिळाछाप चित्र सरकारने छापू दिले नाही आणि १८६९ मध्ये छापखान्याने दगडावरचे चित्र पुसून टाकण्याची परवानगी मागितली. वर्तमानपत्रात ओरड करून माने यांना तो दगड परत मिळवावा लागला. दगड जड असतो, तो छापखान्यातच राहतो आणि वेळप्रसंगी छापखान्याच्या मर्जीवर राहतो, हा धडा त्यांना फुकट मिळाला नव्हता.

चौथा मार्ग या सगळ्यांहून साधा. कागदावर पिठाळ खळीचा थर द्यायचा, त्यावर साबण, मेण, चरबी आणि काजळी यांच्या शाईने ब्रशने हवे ते काढायचे, कागद ओलसर करून पत्र्यावर किंवा दगडावर पालथा दाबायचा. खळ सुटते, कागद निघून येतो आणि शाई खाली राहते. आपल्याकडे हे तंत्र नवे नाही. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, आणि शिळाप्रेसच्या पोथ्यांचे मोत्यासारखे अक्षर बोरूने कागदावर लिहून दगडावर उतरवण्याची रीत सर्वत्र होती. त्यात एक मोठी सोय असते : चित्र दोनदा उलटते, म्हणून छापल्यावर सुलटच येते. लेखनिकाला अक्षरे उलटी गिरवावी लागत नाहीत आणि चित्रकाराला डावे-उजवे बदलल्याची चिंता राहत नाही.

तोटाही तसाच ठळक. पातळ केलेल्या शाईच्या करड्या छटा या स्थलांतरात टिकत नाहीत. काही गळून जातात, काही गच्च काळ्या होऊन बसतात. टिकतो तो ठाम फटकारा. शिवाय त्या काळच्या जाणकारांच्या लेखी हे हिशेबनीसाचे तंत्र, परिपत्रके आणि नकाशे काढण्याचे. त्याला कला म्हणून कोणी जास्तीचे पैसे देत नव्हते.

प्रत्यक्षात काय केले

माने यांनी चौथा मार्ग घेतला. चित्रे उतरवून छापण्याचे काम लेफमान यांच्याकडे गेले आणि मजकूर आल्कान-लेव्ही यांच्या छापखान्यात जुळवला गेला. एकूण चित्रे सहा : मुखपृष्ठासाठी व जाहिरातीसाठी पक्ष्याचे एका बाजूने दिसणारे मोठे डोके, ग्रंथमालकाच्या नावाच्या चिठ्ठीसाठी पंख पसरलेला छोटा पक्षी, आणि कवितेसाठी पानभर आकाराची चार. डोक्याच्या चित्राला जपानी शाईकामाची सवय असलेला हात लागलेला लगेच कळतो. चोच, कपाळ आणि मानेवरची पिसे जेमतेम काही दमदार फटकाऱ्यांत उभी केली आहेत, आणि ब्रश कोरडा पडत गेल्याच्या खुणा तशाच राहू दिल्या आहेत.

प्रकरणाचा गाभा मात्र चार पानभर चित्रांच्या निवडीत आहे. पहिल्या चित्रात तरुण दिव्याखाली ग्रंथांवर वाकलेला आहे. हे पहिले कडवे. दुसऱ्यात खिडकी उघडली आहे, बाहेर घरांची छपरे दिसतात आणि पक्षी आत येतो आहे. तिसऱ्यात तो पॅलसच्या अर्धपुतळ्यावर बसला आहे आणि मागे त्याची सावली. खिडकी उघडणे आणि पुतळ्यावर बसणे या दोन्ही घटना एकाच, सातव्या कडव्यातल्या. चौथे चित्र थेट अठराव्या कडव्याचे.

म्हणजे आठव्यापासून सतराव्यापर्यंतच्या दहा कडव्यांना एकही चित्र नाही. आणि ‘पुन्हा कधीच नाही’ हा शब्द पक्षी प्रथम उच्चारतो तो नेमका आठव्या कडव्याच्या शेवटी! कवितेतले सगळे बोलणे, सगळी प्रश्नोत्तरे, देवदूतांचा भास, लिनोर स्वर्गात भेटेल का ही विनवणी, हे सारे त्या दहा कडव्यांत आहे. माने यांनी तिथे ब्रश उचललाच नाही. ऐकायची गोष्ट शब्दांवर सोपवली आणि पाहायची तेवढी काढली. या पुस्तकातला सर्वांत धीट निर्णय कोणता म्हणून मला विचारले तर मी तंत्राचे किंवा आकाराचे नाव घेणार नाही. या दहा कडव्यांच्या मौनाकडे बोट दाखवीन.

त्या मौनाचे फळ चौथ्या चित्रात दिसते. तरुण नाही, पक्षीही नाही. एक खुर्ची आहे आणि जमिनीवर सावली. फटकारे इतके वेगाने आणि आडवे-तिडवे ओढले आहेत की खुर्चीचा पाय कोठे संपला आणि सावली कोठे सुरू झाली हे डोळा बारीक केला तरी नक्की सांगता येत नाही. ब्रशचे केस फाकून शाईत पांढऱ्या चिरा पडल्या आहेत. जरा लांब धरले की त्या चिरा हलत्या उजेडासारख्या वाटतात, जवळ आणले की नुसती शाई. खळीच्या कागदावर करड्या छटा टिकत नाहीत ही तंत्राची उणीव होती, आणि इथे तीच चित्राच्या कामाला आली : धुके नाही, हळुवार छाया नाही, फक्त काळे आणि कोरा कागद.

दुसरी लक्षात घ्यावी अशी गोष्ट तरुणाच्या खोलीची. पो यांची खोली कोठेही असू शकते. माने यांच्या खिडकीबाहेर मात्र छपरे आणि धुराडी आहेत, पॅरिसच्या कोणत्याही पोटमाळ्यावरून दिसतील तशी, आणि दिव्याखालच्या मिशाळ तरुणात पुष्कळ अभ्यासकांना मालार्मे दिसले आहेत. १८७६ मध्ये माने यांनी मालार्मे यांचे जे छोटे तैलचित्र केले ते शेजारी ठेवले की हा तर्क अगदीच हवेतला वाटत नाही. भुताटकीची कविता त्यांनी ओळखीच्या घरात आणून सोडली.

भाषांतराच्या बाजूने मालार्मे यांनी गद्यच निवडले, पण बोदलेर यांच्याहून अधिक शब्दनिष्ठ, फ्रेंच वाक्याला थोडे अवघडायला लावणारे. आपल्या भाषांतराला त्यांनी पुढे टिपणांत जो शब्द वापरला त्याचा अर्थ पातळ कागद वर ठेवून गिरवलेली प्रत असा होतो. समोरासमोरच्या पानांवर मूळ आणि गिरवलेली प्रत, आणि त्यांच्यामध्ये कागदावरून पत्र्यावर उतरवलेली चित्रे : तिन्ही अंगांनी हे उतरवून घेण्याचे पुस्तक झाले आहे. हे कोणी ठरवून केले असेल असा माझा दावा नाही, पण दिसते ते असे.

उरलेले निर्णय व्यापाराचे. आकार मोठा, पाने न शिवता सुटी, मुखपृष्ठ जाड कागदाचे, साध्या प्रतीची किंमत २५ फ्रँक. त्या काळी पॅरिसमध्ये नवी कादंबरी साडेतीन फ्रँकला मिळत असे. एका कवितेसाठी सात कादंबऱ्यांचे पैसे मागितले जात होते.

परिणाम

पुस्तक बाजारात आले तेव्हाची वेळही चांगली नव्हती. त्याच वसंतातल्या सालोंमध्ये माने यांचे ‘आर्जांतय’ हे चित्र टांगले होते आणि मागच्या नदीच्या गडद निळ्या पाण्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा चालली होती. जे लोक चेष्टा करत होते तेच चित्रांच्या पुस्तकांवर खर्च करणारेही होते. ज्यांना चित्रे आवडली ते बहुतेक कवी आणि चित्रकार, म्हणजे भेट म्हणून प्रत मिळण्याची अपेक्षा धरणारे.

इंग्लंडकडून आशा होती. ऑगस्ट १८७५ मध्ये मालार्मे लंडनला जाऊन आले; ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी करणारे कवी आर्थर ओ’शॉनेसी यांची त्यांना मदत होती. पण तिथे खप उभा राहिला नाही. ओ’शॉनेसी १८८१ च्या आरंभी वारले आणि त्यांच्याकडची प्रत दांते गॅब्रिएल रोझेटी यांच्या पाहण्यात आली. रोझेटी म्हणजे चित्रकार, कवी आणि पो यांचे जुने भक्त. तरुणपणी त्यांनी स्वतः या कवितेवर रेखाटने केली होती. याहून योग्य वाचक शोधून सापडला नसता. त्यांनी एका खाजगी पत्रात लिहिले ते असे की हा माने नावाचा फ्रेंच मूर्ख जगातला सर्वांत गर्विष्ठ गाढव असावा आणि या पुस्तकाची एकेक प्रत वेड्यांच्या इस्पितळात ठेवावी, म्हणजे खिन्न रुग्णांना हसू येईल.

रोझेटी यांच्या या शेऱ्याला केवळ चुकीचा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि बहुतेक लेखक तसेच करतात. पण त्यात माहिती आहे. त्यांच्या तरुणपणच्या रेखाटनांत खोलीत देवदूत वावरतात. कवितेतले अदृश्य त्यांनी दृश्य केले होते. त्यांच्या दृष्टीने पो यांच्या कवितेचे चित्र म्हणजे त्या दहा कडव्यांचे चित्र. माने यांनी नेमके तेच वगळले होते, आणि उरलेलेही पुसट, घाईचे, अपुरे. ज्या गिऱ्हाईकावर भिस्त होती त्याला हवी असलेली वस्तू या पुस्तकात नव्हतीच.

पुढे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने गुस्ताव दोरे यांच्या चित्रांसह हीच कविता काढली. लाकडी ठशांवरची सव्वीस चित्रे, त्यांत देवदूत, सांगाडे आणि लिनोरची छायारूपे. दोरे ते पुस्तक पाहायला जिवंत नव्हते, पण ते लोकप्रिय झाले आणि आजही छापले जाते. बाजाराला काय हवे होते याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

लेस्क्लीद यांनी ‘कावळ्या’च्या अपयशानंतरही हिंमत सोडली नव्हती. पो यांच्या आणखी कवितांचे असेच सचित्र पुस्तक काढण्याचे बोलणे चालू होते, पण ते प्रत्यक्षात आले नाही. मालार्मे आणि माने यांनी १८७६ मध्ये पुन्हा एकत्र काम केले ते दुसऱ्या प्रकाशकाकडे : मालार्मे यांची स्वतःची ‘फॉन’वरची, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड अशा रोमन वनदेवावरची, कविता, १९५ प्रती, लहानशी चित्रे. माने १८८३ मध्ये वारले. पो यांच्या कवितांची मालार्मे यांची समग्र भाषांतरे १८८८ मध्ये ब्रसेल्सला निघाली तेव्हा त्यांनी ती माने यांच्या स्मृतीला अर्पण केली, ‘आपण दोघांनी मिळून वाचलेली ही पाने’ म्हणून.

वेगळे काय करता आले असते

चित्रे बदलायला हवी होती, असे मला वाटत नाही. देवदूत घातले असते तर दोरे यांच्या नऊ वर्षे आधी आणि दोरे यांच्याहून कमी सफाईचे असे एक पुस्तक झाले असते. तंत्राविषयीही तेच; तांब्यावर किंवा लाकडावर ती खुर्ची जमली नसती. ‘नदी’सारखे सुबक कोरीव काम पुन्हा दिले असते तर लेस्क्लीद यांचे नेहमीचे गिऱ्हाईक कदाचित दुरावले नसते, पण मग चर्चा करण्याजोगे प्रकरणही उरले नसते.

चूक मला वस्तूच्या घडणीत दिसते. चित्रे म्हणत होती की हे झटपट, ओलसर शाईचे, आत्ताचे काम आहे. आकार, किंमत आणि सह्या म्हणत होत्या की हा दिवाणखान्यात ठेवण्याचा ऐवज आहे. गिऱ्हाईकाने ऐवज म्हणून हातात घ्यावा आणि आत त्याला खर्डा सापडावा, असा हा प्रकार झाला. पुढच्याच वर्षीचे ‘फॉन’ हातात मावते, त्यातली चित्रे लहान आहेत आणि त्यांची मागणीही लहान आहे. निम्म्या आकारात कावळ्याच्या डोक्याचा दरारा कमी झाला असता हे खरे, पण तो दरारा जाहिरातीच्या कागदावर राखता आला असता. मांजरांच्या वेळी माने यांनी तेच केले होते, चित्र भिंतीवर आणि पुस्तक खिशाला परवडणारे.

इंग्रजी बाजाराची तजवीज छपाईच्या आधी व्हायला हवी होती. पुस्तक जूनमध्ये आले आणि भाषांतरकार ऑगस्टमध्ये लंडनला गेले, हा क्रम उलटा आहे. लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा एखादा विक्रेता आधी बांधून घेतला असता तर काही प्रतींची हमी मिळाली असती, किंवा निदान तिकडची रुची काय आहे हे कागद विकत घेण्यापूर्वी समजले असते. मूळ इंग्रजी पाठ छापण्याचा खर्च तिकडच्या वाचकावर नजर ठेवूनच केलेला दिसतो, मग त्या वाचकाला आधी विचारायला काय हरकत होती? लेस्क्लीद यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांच्या संस्थेचा आवाका पॅरिसपुरता होता, आणि भाषांतरकार व चित्रकार दोघेही कामाच्या भरात होते.

आणखी एक निर्णय त्या वेळी किरकोळ वाटला असेल : पाने सुटी ठेवण्याचा. शिवण न घालता पाने आवरणात ठेवणे हे संग्राहकाच्या सोयीचे, कारण त्याला हवे तर चित्र काढून चौकटीत बसवता येते. घडलेही तेच. अनेक संचांतली चित्रे कवितेपासून सुटली, एकेकटी विकली गेली, आणि आज कितीतरी संग्रहालयांत ती एकेकटीच भेटतात. दिव्याखालचे किंवा खिडकीचे चित्र असे एकटे पाहिले तरी निभावते. खुर्चीच्या चित्राचे तसे नाही. आधीच्या दहा कडव्यांचा एकही शब्द कानावर पडलेला नसताना त्याच्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला एक रिकामी खुर्ची दिसते, जमिनीवर पसरलेली शाई दिसते, आणि ती सावली कोणाची हे सांगणारे पान दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात, दुसऱ्याच कपाटात असते.